एका कॉर्व्हेटचं टिकणं

मार्च १९९० मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट स्टॉकटनजवळ, फायरस्टोनच्या पावणेआठ मैलांच्या चाचणी-ट्रॅकवर एक शेव्हरोले कॉर्व्हेट चोवीस तास पळवली गेली. पेट्रोल, टायर आणि ड्रायव्हर बदलण्यापुरतीच ती थांबत होती. हे थांबे धरूनही चोवीस तासांची सरासरी भरली ताशी १७५.८८५ मैल, म्हणजे सुमारे २८३ किलोमीटर. एवढ्यावर मंडळींचं समाधान झालं नाही. पाच हजार मैल पुरे करायचे म्हणून त्यांनी गाडी आणखी जवळजवळ पाच तास हाकली आणि तोही विक्रम खिशात घातला. चोवीस तासांचा जो जुना विक्रम मोडला, तो १९४० सालचा होता. अॅब जेन्किन्स नावाच्या अवलियाने (हा गृहस्थ सॉल्ट लेक सिटीचा महापौरही होता) तो बॉनव्हिलच्या मिठागरावर केला होता, विमानाचं इंजिन बसवलेल्या खास गाडीतून. पन्नास वर्षं अबाधित राहिलेला हा आकडा जिने मागे टाकला ती गाडी मात्र, सुरक्षिततेसाठी केलेले बदल सोडले तर, शोरूममध्ये मिळत होती तशीच होती.

आता त्याच पिढीची एखादी कॉर्व्हेट आज बघायला जा. मालक किल्ली फिरवतो आणि गाडी हूं की चूं करत नाही. ‘थांबा, काही मिनिटांनी होईल,’ असं तो ओशाळून सांगतो. मग ती होते सुरू. इंजिन असं गुरगुरतं की कालच कारखान्यातून आलंय. पण दिवे लावायला जावं तर उजवा हेडलाइट वर येतो आणि डावा नुसता करकरतो. चोवीस तास २८३ च्या वेगाने तग धरणं वेगळं आणि तीस वर्षं घरासमोर उभं राहून तग धरणं वेगळं. पहिल्यात लोखंडाची परीक्षा असते. दुसऱ्यात रबर, प्लॅस्टिक, डाक आणि वायरी यांची.

ही कॉर्व्हेटची चौथी पिढी, मॉडेल वर्ष १९८४ ते १९९६. जाणकार तिला नुसतं ‘सी-फोर’ म्हणतात. साडेतीन लाखांहून जास्त गाड्या बनल्या, सगळ्या केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात. आज जुन्या अमेरिकन स्पोर्ट्‌स कारमध्ये खिशाला सर्वांत परवडणारी म्हणून हिच्याकडेच बोट दाखवलं जातं, आणि पाठोपाठ ‘पण टिकते का?’ हा प्रश्न येतो. अमेरिकेत गेलेल्या आपल्या माणसांच्या ड्राइव्हवेत पिढ्यान् पिढ्या कॅमरी आणि अकॉर्ड उभ्या राहिल्या त्या याच प्रश्नाच्या धाकाने. प्रश्न रास्त आहे, पण भलताच ढोबळ आहे. सी-फोरला विचारायचं ते असं : तुझ्यातलं काय टिकतं, काय टिकत नाही आणि जे टिकत नाही ते तिथे का आहे? माझं म्हणणं असं की या गाडीचे बहुतेक नावाजलेले दोष बरोबर त्या जागी सापडतात जिथे तिच्या इंजिनिअरांनी सर्वांत धाडसी विचार केला. जिथे जुनी, पाठ झालेली रीत वापरली तिथे गाडी अभेद्य आहे. म्हणून तिच्या दुरुस्त्यांची यादी मला तक्रारवहीपेक्षा तिच्यावरच्या भाष्यासारखी वाचता येते.

सुरुवात जुन्या रीतीपासून. कॉर्व्हेटच्या बॉनेटखाली जो व्ही-८ आहे त्याचं मूळ १९५५ सालचं. शेव्हरोलेचे इंजिनिअर एड कोल यांच्या हाताखालच्या चमूने बनवलेला ४.३ लिटरचा ‘स्मॉल ब्लॉक’ हाच त्याचा आजा. बीडाचा ब्लॉक, पोटात एकच कॅमशाफ्ट, तिथून वर गेलेल्या पुशरॉड, प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. पुढे तो वाढत वाढत १९६७ मध्ये ५.७ लिटरचा झाला. तोवर युरोपात आणि नंतर जपानमध्ये कॅमशाफ्ट हेडवर चढवायची, मग एकाच्या दोन करायची, व्हॉल्व्ह चार करायची चढाओढ सुरू झाली होती. शेव्हरोलेने ते मनावर घेतलं नाही. दोन सिलिंडरांच्या मध्यांमधलं ४.४ इंचांचं अंतरसुद्धा बदललं नाही.

या इंजिनाचा आवाज ज्याने नीट ऐकला नाही त्याला ते मागासलेलं वाटेल. सिलिंडर पेटण्याचा क्रम आहे १-८-४-३-६-५-७-२. विषम आकडे डाव्या ओळीचे, सम उजव्या ओळीचे. क्रम पुन्हा म्हणून पाहा : ८ नंतर लगेच ४, दोन्ही उजवे. ५ नंतर लगेच ७, दोन्ही डावे. म्हणजे आठही स्फोट अगदी समान अंतराने होतात, पण प्रत्येक बाजूच्या एक्झॉस्टमध्ये ते असमान पोचतात. एका बाजूला दोन ठोके लागोपाठ, मग जरा दम, मग पुन्हा. अमेरिकन व्ही-८ ची ती प्रसिद्ध गुरगुर या चुकल्यासारख्या वाटणाऱ्या ठेक्यातून येते. फेरारीचं इंजिन वरच्या पट्टीत गातं. हे इंजिन खर्जातच बसून असतं आणि तिथून उठायची त्याला गरजही पडत नाही.

टिकण्याचं मूळ याच खर्जात आहे. १९८९ पासून सी-फोरला जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरांचा बॉक्स मिळाला. त्यातला सहावा गिअर अर्ध्यावर आणून ठेवणारा, ०.५०. हायवेवर ताशी साठ मैलांना इंजिन मिनिटाला जेमतेम १,४०० च्या आसपास फेरे घेतं. त्याच वेगाला छोट्या इंजिनाची गाडी दुप्पट धावाधाव करत असते. ज्या इंजिनाला ५,००० फेऱ्यांवर ३०० अश्वशक्ती देता येते ते आयुष्यातला बहुतेक काळ पाव ताकदीवर घालवतं. मग बोअर झिजणार कशाने? साधं तेल वेळेवर बदललेलं असेल तर लाख-दीड लाख मैलांनंतरही हेड न उघडलेल्या सी-फोर काही नवलाच्या नाहीत. १९९२ पासून तर कारखान्यातूनच सिंथेटिक तेल भरून येऊ लागलं आणि तेवढ्या भरवशावर ऑइल कूलर काढून टाकण्यात आला. झेडएफचा हा बॉक्स न्यूट्रलमध्ये थोडा खडखडतो, विशेषतः मूळचा दुपदरी फ्लायव्हील बदलून साधा बसवला असेल तर जास्तच. नवा मालक घाबरतो. घाबरू नये, क्लच दाबला की तो गप्प होतो.

१९९२ मध्ये याच जुन्या इंजिनाची नवी आवृत्ती आली : एलटी-१. आता आपण गाडीच्या सर्वांत वाचनीय पानावर आलो.

आधीच्या इंजिनाची २४५ अश्वशक्ती एका झेपेत ३०० वर न्यायची, तीही ब्लॉक बीडाचा आणि व्हॉल्व्ह दोनच ठेवून, प्रदूषणाचे कडक नियम पाळून. सरळ उपाय म्हणजे कॉम्प्रेशन वाढवणं. पण कॉम्प्रेशन वाढवलं की पेट्रोल वेळेआधी पेटतं, इंजिन नॉकिंग करतं. नॉकिंगचं घर हेडमध्ये, ज्वलनकक्षाच्या भिंतींपाशी. एरवीच्या इंजिनात थंड पाणी आधी ब्लॉकला गारवा देतं आणि तापून मग हेडकडे जातं. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गारव्याची गरज त्याला उष्टं पाणी. एलटी-१ मध्ये हा क्रम उलटा केला. पंपातून निघालेलं पाणी प्रथम हेडमध्ये, तिथून खाली ब्लॉकमध्ये. हेड गार राहिलं, म्हणून कॉम्प्रेशन १०.५ पर्यंत चढवता आलं. सिलिंडर किंचित ऊबदार राहिले, म्हणून रिंगांचं घर्षण कमी झालं. थर्मोस्टॅटही पाणी आत शिरतं त्या बाजूला आणला, म्हणजे तापलेल्या धातूवर एकदम गार पाण्याचा घाव बसत नाही. या इंजिनाच्या विकासात ज्यांची नावं घेतली जातात त्यांत जनरल मोटर्सचे अनिल कुलकर्णी हे इंजिनिअर आहेत. डेट्रॉईटच्या वाहन-व्यवसायाच्या पोटात असं एखादं नाव भेटलं की मराठी वाचक पानावर क्षणभर थबकणारच.

उलट्या पाण्याची किंमत अशी की या इंजिनात हवेचा बुडबुडा अडकला तर तो नको तिथेच, हेडमध्ये बसतो. कूलंट बदलताना थर्मोस्टॅटच्या डबीवरचे आणि थ्रॉटल-बॉडीपाशी असलेले छोटे स्क्रू सैल करून हवा काढावीच लागते. घाई करणारा मेकॅनिक नुसतं रेडिएटर भरून गाडी हातात देतो आणि तापमानाचा काटा का नाचतो म्हणून मालक पुढे महिनाभर पंखे बदलत बसतो. हा दोष गाडीचा म्हणायचा की वाचणाऱ्याचा?

आता ऑप्टिस्पार्क. सी-फोरच्या टिकाऊपणाबद्दल दोन माणसं पाच मिनिटं बोलली तर तिसऱ्या मिनिटाला हा शब्द येतो, आणि बहुधा त्याच्या आधी एक शिवी येते. जुन्या स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या टोकाला उभा असे आणि कॅमशाफ्टवरच्या तिरप्या दात्यांनी फिरे. दाते झिजले, शाफ्ट हलला की ठिणगीची वेळ अर्धा-एक अंश इकडेतिकडे. वाढलेल्या कॉम्प्रेशनला ही ढिलाई परवडणारी नव्हती. म्हणून डिस्ट्रिब्युटर उचलून इंजिनाच्या तोंडाशी आणला आणि थेट कॅमशाफ्टच्या टोकाला जोडला. हाच ऑप्टिस्पार्क. मध्ये दाते नाहीत, खेळ नाही. आत स्टीलची एक पातळ चकती. तिच्या बाहेरच्या वर्तुळावर ३६० बारीक फटी, अंशाला एक. आतल्या वर्तुळावर आठ फटी, सिलिंडराला एक. एका बाजूने प्रकाश सोडायचा, दुसऱ्या बाजूने तो मोजायचा. कॉम्प्युटरला इंजिन या क्षणी कुठल्या अंशावर आहे ते उजेडातून कळतं. १९९२ सालच्या रस्त्यावरच्या गाडीत इतकी सुबक कल्पना क्वचितच सापडेल. मला विचाराल तर संपूर्ण गाडीतला सर्वांत देखणा विचार हाच आहे.

आणि तो बसवला कुठे? पाण्याच्या पंपाच्या बरोबर खाली. पंपाचं सील म्हातारं झालं की त्याच्या पोटातल्या छिद्रातून कूलंट ठिबकतं. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, सील गेल्याची वर्दी मिळावी म्हणून. इथे वर्दी थेंबाथेंबाने ऑप्टिस्पार्कच्या डोक्यावर जाते. माठाखाली रेडिओ ठेवावा तसला प्रकार. शिवाय बंद डबीत उच्च दाबाच्या ठिणग्या उडाल्या की ओझोन तयार होतो, दमट हवेशी मिळून तो आतल्या धातूला खातो. मग गाडी पावसात मिसिंग करते. किंवा गरम झाल्यावर मध्येच बंद पडते आणि गार झाली की काही घडलंच नाही अशी सुरू होते. बदलायचं म्हटलं तर कूलंट काढा, पंप काढा, क्रँकची पुली काढा, तिच्यामागचा हब पुलर लावून ओढा. या हबला शाफ्टवर नेमकी जागा दाखवणारी खाच नाही, म्हणून काढण्याआधी खूण करून ठेवा. इतकं झाल्यावर दर्शन.

हे वाचून कुणी म्हणेल की डिझाइन फसलं. मी ते इतक्या सहज म्हणणार नाही. १९९५ च्या कॉर्व्हेटपासून डबीला दोन नळ्या दिल्या : एकीतून गाळलेली हवा आत, दुसरीतून इंजिनाच्या ओढीने दमट हवा बाहेर. एवढ्याने पुष्कळ फरक पडला. आजही शहाणा मालक पंप आणि ऑप्टिस्पार्क जोडीनेच बदलतो आणि दुकानातून स्वस्तातली नक्कल न आणता आत मित्सुबिशीचा मूळ सेन्सर असलेली डबी शोधतो. अशी जोडी नीट बसवली की बरीच वर्षं त्या बाजूला बघावं लागत नाही. पुढे १९९७ मध्ये पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटला नवं इंजिन आलं तेव्हा जनरल मोटर्सने डिस्ट्रिब्युटर ही वस्तूच रद्द केली आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल दिली. म्हणजे अचूकतेचा हट्ट राखला, जागा तेवढी सोडली. पाचवी पिढी रोजच्या वापराला जास्त सोयीची आहे हे मी कबूल करतो. पण तिच्यात शोधाची ती अस्वस्थता नाही.

अशीच एक अस्वस्थता छपरात आहे, फक्त ती इंजिनिअरांची नव्हती, वरिष्ठांची होती. मूळ आराखड्यात छपराच्या मधोमध काचेपासून मागच्या कमानीपर्यंत एक पट्टी होती आणि दोन बाजूंना निघणारे दोन तुकडे. ती पट्टी गाडीचा कणा होती. काम बरंच पुढे गेल्यावर वरिष्ठांपैकी लॉइड रॉईस यांनी ठरवलं की छप्पर अखंड निघालं पाहिजे. कॉर्व्हेटचे मुख्य इंजिनिअर डेव्ह मॅक्लेलन यांच्या चमूने कणा काढला आणि हरवलेला कडकपणा भरून काढायला दारांखालच्या दोन्ही बाजूंच्या तुळया उंच केल्या. सी-फोरमध्ये बसताना उंबरठा ओलांडून खड्ड्यात उतरावं लागतं ते यामुळे. खडबडीत रस्त्यावर सांगाडा पिळवटतो, डॅशबोर्ड कुरकुरतो, दारांची रबरं घासून झिजतात आणि पावसाचं पाणी डाव्या गुडघ्यावर पडतं, तेही यामुळेच. छप्पर चार बोल्टांवर आहे आणि ते खोलायचं रॅचेट गाडीबरोबरच येतं. चार बोल्ट घट्ट आवळलेले असतील तर सांगाडा थोडा सुधारतो, म्हणजे छपरालाही कामाला लावलेलं आहे. पण छप्पर काढून, मागच्या काचेखाली ठेवून संध्याकाळी गाडी काढली की रॉईससाहेबांना शिव्या देणं अवघड जातं.

पाट्याबद्दल मात्र निखळ कौतुक. पाटा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ट्रकच्या मागच्या चाकावरची पोलादी थप्पी येते. कॉर्व्हेटमध्ये पाटा आडवा आहे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, एकच, आणि काचतंतूंचा. १९८१ मध्ये मागच्या बाजूला आला, १९८४ पासून पुढेही. पोलादी थप्पीचं वजन अठरा-वीस किलो, याचं साडेतीनच्या आसपास. गंजत नाही, वर्षानुवर्षं वाकून बसत नाही. टीकाकारांनी ‘बैलगाडीचा पाटा’ म्हणून त्याची टिंगल केली आणि अजून करतात. पण वीस-तीस वर्षांनी इतर गाड्यांच्या कॉइल स्प्रिंगा खचलेल्या दिसतात तेव्हा हा पाटा बहुधा कारखान्यातून आला तसाच असतो. नवा विचार असूनही का टिकला? कारण त्यात हलणारा भाग नाही, वायर नाही, सील नाही. जरा पुढे, त्याच चाकाशी, १९८९ पासून पैसे मोजून घेता येणारे बिलस्टिनचे शॉक अॅब्जॉर्बर होते. त्यांच्या डोक्यावरच्या मोटरी बटणाच्या हुकमावर कडकपणा बदलत. त्या मोटरींचे प्लॅस्टिकचे दाते तुटले, सुटे भाग दुर्मिळ झाले आणि पुष्कळ मालकांनी मुकाट्याने साधे बिलस्टिन बसवले. गाडी त्यावर छान चालते.

प्लॅस्टिकच्या दात्यांवरून हेडलाइट. ते नुसते उघडत नाहीत, कोलांटी घेऊन वर येतात. हा अदाकारीचा भाग आहे, गरजेचा नाही. आत एक मोटर, तिच्या पोटात प्लॅस्टिकचं चाक आणि त्यात बसणारे छोटे बुश. बुशांचा चुरा झाला की मोटर फिरते आणि दिवा तिथेच. भाग किरकोळ किमतीचे, दुपारभराचं काम. बॉनेट उचलून हाताने फिरवायची मूठही ठेवलेली आहे. मूठ ठेवणाऱ्याला आपल्या मोटरीची खात्री किती होती ते त्यावरून ओळखावं.

किल्लीची गोष्ट याहून चमत्कारिक. चोऱ्या फार होतात म्हणून १९८६ पासून किल्लीच्या पात्यात एक रोधक टिकली बसवली, पंधरा वेगवेगळ्या मूल्यांपैकी एका मूल्याची. गाडी ते मूल्य मोजते. जुळलं नाही तर काही मिनिटं स्टार्टर आणि इंधन दोन्ही बंद. तेव्हा हे नामी होतं. पण किल्ली फिरवली की स्टिअरिंगच्या खांबातल्या केसासारख्या दोन वायरी दर वेळी वाकतात, आणि हजारो वेळा वाकलेली वायर एक दिवस तुटते. सुरुवातीला सांगितलेला तो ओशाळा मालक याच वायरींचा बळी. उपाय पाच मिनिटांचा आणि काही पैशांचा : किल्लीच्या मूल्याचा रोधक डॅशबोर्डमागे वायरींना डाकून टाकायचा. चोरांना आता सी-फोर नको असते, त्यामुळे बिघडत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सचं सगळंच रडगाणं नाही. १९९० नंतरच्या गाडीत एक गंमत आहे जी आजच्या गाड्यांनी कुलपात घातली. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी निदानाचं सॉकेट असतं. त्यातल्या ठरावीक दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडल्या की डॅशबोर्डवरच्या आकड्यांतून गाडी आपली दुखणी स्वतः सांगू लागते. एकेका विभागाचा नंबर, मग बिघाडाचा आकडा, आणि त्यापुढे रोमन लिपीतलं एक अक्षर : बिघाड या क्षणी चालू असेल तर ‘सी’, होऊन गेलेला असेल तर ‘एच’, म्हणजे इतिहास. विकत घ्यायला आलेल्याने कागदाची क्लिप बरोबर आणावी. विकणारा जे बोलत नाही ते गाडी बोलते. आणि आकडे एकदम कोरे निघाले तर जास्तच सावध व्हावं, कारण नुकतेच पुसलेले असू शकतात.

आणखी एक वाचन नाकाचं. सी-फोरच्या तोंडाला जाळी नाही, म्हणून तर ती एवढी धारदार दिसते. हवा ती नाकाखालून ओढते. बंपरखालचा काळा पडदा हवा अडवून वर रेडिएटरकडे ढकलतो. अर्थात रस्त्यावरचा पाला, कागद, उडत्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हेही त्याच वाटेने वर जातात आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसतात. दिसत मात्र नाहीत. गाडी हायवेवर तापते असं कोणी म्हणालं तर आधी खाली वाकून तो पडदा जागेवर आहे का बघावं, फुटपाथाला घासून बऱ्याचदा गेलेला असतो. मग वरचं आवरण खोलून फटीत हात घालावा. नवं रेडिएटर घ्यायची वेळ त्यानंतर.

या सगळ्यातून एक उलटसुलट वाटणारी गोष्ट निघते. कमी चाललेली सी-फोर घेऊ नये. चादरीखाली जपलेली, घड्याळात जेमतेम नऊ हजार मैल असलेली गाडी बघून पाहुणे हरखतात. पण उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं, इंजेक्टर बसतात, पंपाचं सील एका जागी सुकून चिरतं, ऑप्टिस्पार्कमधला दमटपणा बाहेर पडायला वाव मिळत नाही, दारांची रबरं कडक होतात. नव्वद हजार मैल चाललेली, बिलांची फाइल जाडजूड असलेली, दर रविवारी बाहेर पडणारी गाडी दुप्पट भरवशाची. भाग मिळतील का ही चिंता इंजिनापुरती तरी सोडावी, कारण एलटी-१ त्याच काळात कॅमारो, फायरबर्ड आणि पोलिसांच्या कॅप्रीसलाही होतं, गल्लीतल्या दुकानातही त्याचे भाग मिळतात. अडतं ते फक्त कॉर्व्हेटसाठी बनलेल्या फुटकळ गोष्टींवर : ट्रॅक्शन कंट्रोलचा डबा, काचेभोवतीची पट्टी, आतल्या दिव्याची काच.

फोर्ट स्टॉकटनची ती विक्रमी गाडी, झेडआर-१, या बाबतीत वेगळं प्रकरण आहे. तिचं चार कॅमशाफ्टांचं इंजिन लोटसने आखलं आणि ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी मरिनने जुळवलं. १९९० ते ९५ मध्ये एकूण ६,९३९ गाड्या. इंजिन अजोड आणि भक्कमही, पण भाग शोधायचे म्हणजे मोजक्याच लोकांच्या ओळखी लागतात. ती संग्रहात ठेवण्याची वस्तू आहे, रोज चालवायला मी तिच्या वाट्याला जाणार नाही.

मला निवडायचीच झाली तर १९९५ ची, सहा गिअरची, साधी. हवा खेळणारा ऑप्टिस्पार्क त्या वर्षी आला, पुढचे ब्रेकही सगळ्यांना मोठे मिळाले, आणि कागदाच्या क्लिपची सोय तेव्हा होती. रंग कुठलाही चालेल. बघायला जाताना पंपाखाली बोट फिरवून हिरवट ओल आहे का पाहीन, नाकाखालचा पडदा चाचपेन, हेडलाइट दोनदा वरखाली करीन. मग मागची काच उचलून छपराचं ते रॅचेट जागेवर आहे का बघेन. ज्याने तीस वर्षांत ते हरवलं नाही त्याने बाकी गाडीही बहुतेक नीट ठेवलेली असते. आणि रॅचेट नसेल, तर तेवढ्या कारणावर किंमत पाडून मागायला मला लाज वाटणार नाही.